रत्नप्रभाबाईंच्या पोटातल्या माझ्या तीन फेऱ्या

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. चंद्र-तारे बघणारी नव्हे, माणसाच्या पोटात डोकावणारी. लांब, काळी, नळीसारखी. मला पाहिलं की भलेभले तोंड घट्ट मिटतात. सवय झाली आहे, पण वाईट वाटतंच.

यवतमाळात डॉक्टर मितालींकडे मला बारा वर्षं झाली. नवी होते तेव्हा केवढं कौतुक होतं! आता माझं चित्र कडेला धूसर येतं, म्हणून सगळे नव्या नळीच्या गोष्टी करतात. करू देत.

गेल्या वर्षी नेर गावाकडच्या रत्नप्रभाबाई आल्या. चार महिने पोट दुखत होतं आणि त्या ॲसिडिटीच्या गोळ्यांवर दिवस ढकलत होत्या. मी आत गेले, तर सगळीकडे दुधाळ फेस. सूज तेवढी कळली. डॉक्टरांनी जमले तसे वरवरचे तुकडे चिमट्यानं काढून तपासायला पाठवले आणि पंधरा दिवसांनी परत बोलावलं. रिपोर्टात नुसती सूज आली. घरच्यांनी पेढे वाटले आणि परत यायचं सोडूनच दिलं.

डॉक्टरांना तो रिपोर्ट पटेना. त्यांनी स्वतः फोन करकरून बाईंना आणवलं. तोवर महिना गेला होता आणि सहा किलो वजन उतरलं होतं.

"मागच्या वेळी उपाशी यायला सांगितलं होतं. त्या दिवशी काही खाल्लं होतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाई जी. सोयऱ्याच्या घरी चहा तेवढा घेतलता. त्यायले नाई कसं म्हणाचं? अन् चहा का खाणं व्हय?"

म्हणजे तो दुधाळ फेस त्या चहाचा होता! मला असा राग आला! पण बाईच पुढे म्हणाल्या, "आज पाणीबी नाई घेतलं. मले इतक्यात मराचं नाई. टाका नळी."

या वेळी फेस नव्हता आणि त्याखाली लपलेली जखम स्पष्ट दिसली. मी तसूभर हलले नाही. जखमेच्या काठाचे खोल तुकडे निघाले आणि लिम्फोमा सापडला. पोटात क्वचितच होणारा, झपाट्यानं वाढणारा कॅन्सर.

दर एकवीस दिवसांनी नागपूर, सहा वेळा केमो. केस गेले, तोंड आलं. ऐन कापूस वेचणीत नवरा, नंदकिशोर, म्हणाला, "एक खेप पुढं ढकलू." बाई एकट्याच बसमध्ये जाऊन बसल्या. तो धावत मागून चढला.

मागच्या महिन्यात मी तिसऱ्यांदा आत गेले. जखमेच्या जागी फिकट वण होता. तिथले तुकडेही स्वच्छ निघाले. बाई रडल्या, आणि मला हात लावून गेल्या.

मित्रांनो, डॉक्टर उपाशी या म्हणाले तर उपाशीच या. घोटभर काही घेतलं असेल, तर न लाजता सांगा. एका चहापायी रत्नप्रभाबाईंचा महिना गेला. त्या वाचल्या. पण असा महिना प्रत्येकाच्या हाती असतोच असं नाही.