लाडोबाच्या ताब्यातला सोफा

मित्रांनो, मी एक जुना सोफा आहे. तिघांना ऐसपैस बसता यावं म्हणून सुताराने मला घडवलं. सागवानी सांगाडा, आत स्प्रिंगा आणि वर हिरवं जाड कापड. एका दंतवैद्य बाईंनी मला विकत घेतलं. त्याच आठवड्यात त्यांनी एक तपकिरी पिल्लूही आणलं. त्याचं नाव लाडोबा.

संध्याकाळी दवाखान्यातून आल्या की बाई माझ्या एका टोकाला बसत. उरलेला सगळा मी लाडोबाचा. चार वर्षं आमचं झकास चाललं होतं. मग बाईंनी लग्न केलं.

नवरा बेकरीवाला. दिवसभर भट्टीपुढे उभा राहणारा माणूस. पहिल्याच संध्याकाळी तो "हुश्श" करत माझ्याकडे आला. लाडोबाने मानही न उचलता "गुर्रर्र" केलं. बेकरीवाला अर्धा वाकलेला तसाच थांबला.

"अगं, हा काय म्हणतोय?"

"नवीन आहेस ना तू. होईल सवय."

सवय झाली, पण बेकरीवाल्याला. तो स्वयंपाकघरात स्टुलावर बसून टीव्ही नुसता ऐकू लागला. बायकोशी बोलायचं तेही दारातून. दिवसभर लोकांना "आ करा" म्हणणाऱ्या बाईंना घरी न सांगताच लाडोबाचे दात बघायला मिळत. पाहुणे माझं कौतुक करत आणि चहा उभ्यानेच पीत. मला मेल्याहून मेल्यासारखं होई.

एके दिवशी बेकरीवाल्याचे पाय फारच भरून आले. त्याने लाडोबाचा पट्टा धरून ओढला आणि लाडोबाचा दात त्याच्या अंगठ्यात रुतला. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, पट्टी बांधली. आठवडाभर पीठ मळायचं बंद.

"देऊन टाकूया त्याला कुणाला तरी," असं म्हणताना बाईंना रडू आवरेना.

बेकरीवाला अंगठ्याकडे बघत म्हणाला, "मला बसायला जागा हवी आहे गं. त्याचं घर नकोय."

मग कुत्र्यांना शिकवणाऱ्या एक मावशी आल्या. माझ्यावर न बसता त्यांनी लांबूनच सगळं पाहिलं.

"गुरगुरला म्हणून रागावता का?"

"खूप!" बाई म्हणाल्या.

"मग आजपासून बंद. गुरगुरून तो आधी सांगतो तरी. तेही बंद केलंत, तर न सांगता चावेल. यांना पाहिलं की त्याला वाटतं, आता आपलं काहीतरी जाणार. उलट काहीतरी मिळतं, असं वाटायला हवं."

दुसऱ्या दिवसापासून बेकरीवाला दारात उभा राहून उकडलेल्या चिकनचा तुकडा टाकी आणि निघून जाई. लाडोबा शांत राहिला तरच दुसऱ्या दिवशी एक पाऊल पुढे. एवढ्याशा खोलीत माझ्यापर्यंत पोचायला त्याला महिना लागला! शेवटी शेवटी तो दिसताच लाडोबाची शेपटी माझ्यावर थडाथड आपटू लागली.

दुसरा धडा बाईंचा. "खाली" म्हटलं की लाडोबाने उतरून सतरंजीवर बसायचं आणि खाऊ घ्यायचा. "ये" म्हटल्यावरच वर यायचं. एकदा बाई "खाली!" म्हणाल्या आणि दमूनभागून आलेला बेकरीवालाच मुकाट्याने जमिनीवर बसला. लाडोबाही त्याच्याशेजारी जाऊन बसला. बाईंनी दोघांनाही खाऊ दिला.

दोन महिने पुरे झाले त्या संध्याकाळी लाडोबा सतरंजीवर असताना बेकरीवाला हळूच माझ्यावर टेकला. कुणी गुरगुरलं नाही. तो मागे रेलला आणि पाचव्या मिनिटाला घोरू लागला. लाडोबाने कान टवकारले. त्याला वाटलं असावं, आता हाच गुरगुरतोय. बाईंनी लगेच त्याच्यापुढे खाऊ टाकला.

मित्रांनो, आता "ये" म्हटलं की लाडोबाही वर येतो. तिघांच्या वजनाने माझी मधली स्प्रिंग परवा तुटली. बाई म्हणाल्या, "नवा सोफा घेऊया का?"

"मुळीच नाही," बेकरीवाला म्हणाला. "याच्यावर बसायला मला दोन महिने शिकावं लागलंय!"

माझी स्प्रिंग बदलून झाली. तुमच्या घरी कुणी जागा अडवून गुरगुरत असेल, तर त्याला ओढू नका, मारू नका. जाणत्या माणसाला विचारा आणि थोडा धीर धरा. तोवर स्टूल आहेच.