शून्य गरिबांचा दवाखाना

"साहेब, गरिबीलाही नंबर असतो का हो?"

पिपाणीनं विचारलं आणि मागच्या बाकांवर खसखस पिकली. तिनं हे विचारून दाखवावं अशी पैज मैत्रिणींनीच लावली होती. मागच्या वर्षापर्यंत हजेरीलाही जिचा आवाज निघत नसे, तिला वक्तृत्वाचं बक्षीस मिळाल्यापासून हे नाव पडलं होतं आणि ती ते बिल्ल्यासारखं मिरवायची.

मोठ्या दवाखान्याचे साहेब शाळेत तिथल्या नोकऱ्यांची माहिती द्यायला आले होते. डॉक्टरांनी लिहिलेल्या प्रत्येक दुखण्याला नंबर कसा लावतात, ते रंगवून सांगत होते. पोपट चावला तरी नंबर आहे म्हणे. हे काम त्यांच्या हाताखाली पिपाणीची आईच करायची, पण साहेबांना ते कुठलं माहीत असायला.

प्रश्नावर साहेब आणखीच खुलले. असतो ना, म्हणाले. कमाई कमी असेल तर तब्येत ढासळते, म्हणून तीही नोंदवायची. अशा रुग्णाला औषधं फुकट. "पण आमच्याकडे वर्षभरात हा नंबर एकदाही लागलेला नाही," त्यांनी छाती फुगवून सांगितलं. पोपट मात्र दोघांना चावला होता.

म्हणजे गावात गरीब कोणी नाही, फक्त पोपट तापट आहेत.

पिपाणी घरी आली तेव्हा बाबा ओट्याशी उभे राहून रक्तदाबाची गोळी सुरीनं अर्धी करत होते. बाबा रंगारी. परवाच शिडीवर त्यांना चक्कर आली होती. हा नंबर कुणालाच कसा लागत नाही, तिनं आईला खोदून विचारलं. आई म्हणाली, नंबर मनानं लावता येत नाही, रुग्णानं किंवा बरोबर आलेल्या घरच्यांनी सांगावं लागतं. नर्स विचारते, भरल्या रांगेसमोर, खणखणीत आवाजात, की घरखर्च भागतो ना? आणि माणसं फाटक्या चपला बाकाखाली सारून 'मजेत' म्हणतात.

"बाबा काय म्हणाले?"

बाबा सुरी पुसायला लागले.

"हे?" आई म्हणाली. "यांनी नर्सलाच विचारलं, तुमचं भागतं ना?"

मग डॉक्टरांनी लिहिलं, रुग्ण ऐकत नाही, औषध धड घेत नाही. त्या हट्टीपणालाही नंबर आहे, आणि नवऱ्याला तो आईनंच लावला होता. आता दाब उतरत नाही म्हणून सोमवारी डॉक्टर याहून महाग गोळी देणार होते. ती काय चतकोर करून खायची?

"अगं, तिथे सगळे मला ओळखतात," आई पुटपुटली.

"पोपट चावला असता तर सांगितलं असतंत," पिपाणी बाबांना म्हणाली.

बाबा म्हणाले, चारचौघांत रडगाणं गायला मी अजून म्हातारा झालो नाही.

पिपाणीनं दप्तर खाली ठेवलं.

"सोमवारी मी शाळा बुडवणार आहे," तिनं जाहीर केलं. "बाबांबरोबर दवाखान्यात येणार आहे. नर्सनं विचारलं की मीच सांगणार, भागत नाही म्हणून, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं. विचारत नाहीये मी, सांगतेय. बाबा, तुम्ही नुसते शेजारी बसा."