उलट्या उताराचा चर

दगडाच्या पोटात एक शिंपला अडकला होता. अर्धा मोडलेला, पण आतून अजून गुलाबी. एकुआ अंगठ्याने त्याच्यावरची माती पुसत राहिली. माती गेली तरी पुसत राहिली... एवढासा दगड, मुठीत मावणारा, आणि त्याचं वजन मात्र तळहाताला नाही, थेट मानेला कळत होतं. टाळूवर कापडाची चुंबळ, तिच्यावर पत्र्याचं घमेलं, घमेल्यात असे चाळीस-पन्नास, आणि किनाऱ्यापासून इथवरची ती चढाची वाट.

"आंटी एकुआ, हाच का?"

सेरवा खड्ड्यातून वर बघत होती. कुमासी शहरातून आलेली इंजिनियर, अठ्ठावीस वर्षांची, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. स्टेडियमच्या नूतनीकरणाचं निम्मं काम तिच्या हाताखाली चालतं, आणि तरी मोठ्या माणसाशी बोलताना हात पाठीमागे न्यायची सवय गेलेली नाही.

"हाच. किनाऱ्यावरचा आहे. असे हजारो निघतील. खणा तुम्ही."

खणणारे दोघे मजूर हसले. कॉर्नरच्या झेंड्यापासून अकरा पावलं आत, मग समुद्राकडे तोंड करून सात. सकाळी एकुआने स्वतः पावलं टाकून जागा दाखवली होती, आणि कमरेएवढं खणल्यावर दगड लागला होता. बेचाळीस वर्षं होऊन गेली, तरी एक पाऊल चुकलं नाही. जुने नकाशे कधीच वाळवीने खाल्ले होते. साहेबाच्या काळात इथे फक्त कवायतीचं पटांगण होतं, स्वातंत्र्यानंतर पश्चिमेचा स्टँड आला, मग भिंत, मग दिव्यांचे खांब. ते सगळं कुणी ना कुणी कुठे तरी लिहून ठेवलं होतं. जमिनीखालचा हा चर मात्र कुणीच लिहिला नव्हता. तो नेमका कुठे आहे ते फक्त मला ठाऊक होतं. मला आणि अराबाला, खणणाऱ्या पोरींपैकी आम्ही दोघीच उरलो, पण अराबा आता मुलीकडे कॅनडात, आणि तिला नातवंडांची नावंसुद्धा आठवत नाहीत.

ते उपासमारीचं वर्ष. पाऊस नाही, रानं जळालेली, हवेत महिनोन्‌महिने राख, आणि नायजेरियाने हाकलून दिलेली आमचीच माणसं बोचकी घेऊन स्टँडखाली निजलेली. सगळ्यांच्या गळ्याची हाडं वर आली होती. आम्ही तेरा पोरी, सतरा-अठरा वर्षांच्या, आणि आम्हाला काय हवं होतं? फुटबॉल! आई म्हणायची, पोटात नाही दाणा आणि पायाला चेंडू हवा. मैदान समितीच्या सेक्रेटरीने तर सरळ सांगितलं होतं की पोरींच्या पायाने गवत मरतं. गवत होतंच कुठे? पिवळी दाढी उरली होती नुसती. त्यात त्या वर्षी समितीने मैदानावर खेळ बंदच केला. फाटकाला कुलूप.

फाटकाची किल्ली पापा तवियाकडे. मैदानाचा राखणदार, पोस्टमनची जुनी टोपी घालायचा, पुढचा दात पडलेला, त्या फटीतून शीळ घालत फिरायचा. आम्ही फाटकाला लटकून रोज विनवण्या करायचो. एक दिवस तो शीळ थांबवून म्हणाला,

"पोरींनो, इथे खेळायला बंदी आहे. खणायला नाही."

मैदानात पाणी साचतं, म्हणाला. चर हवा, दगडांनी भरलेला, दगड किनाऱ्यावर पडलेत, डोकी तुमच्याकडे आहेत. सकाळी दोन तास खणा, मग तासभर मी पाठ वळवतो... आणि रोज खणून झालं की एकेका पोरीला डबाभर पिवळं मक्याचं पीठ. बोटीने आलेलं, परदेशातल्या मदतीचं. त्याची केंकी, पानात बांधून उकडायचे ते गोळे, धड बांधली जायची नाही, पानातून फुटायची. पण अराबाच्या घरात सात माणसं त्या डब्यावर जगली. आमच्याकडे पाच.

"आंटी, सावलीत बसता का जरा? अजून वेळ लागेल."

ती पूर्वेच्या नव्या पायऱ्यांवर जाऊन बसली. सिमेंट अजून पांढरं होतं, हाताला खरखरीत. समोर लाल खुर्च्यांच्या रांगा प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या, पलीकडे पोरींसाठी स्वतंत्र कपडे बदलायची खोली. खरी खोली, न्हाणीघरासकट! आम्ही मैदानावर फिरवायच्या रुळाच्या शेडमध्ये एकमेकींना कापडाचा आडोसा धरून बदलायचो. परवा सेरवाने ती खोली दाखवली तेव्हा एकुआ नुसती फरशीकडे बघत राहिली होती, आणि सेरवाला वाटलं की फरशीचा रंग आवडला नाही.

चांगले दिवस आहेत हे. ती सारखी हेच म्हणत असते हल्ली. शाळेत तेहतीस वर्षं पोरींना खेळ शिकवला, आणि दर वर्षी नव्या तुकडीला ही गोष्ट सांगितली — पाऊस थांबल्यावर तासाभरात हे मैदान कोरडं का होतं ठाऊक आहे? कारण त्याच्या खाली आमचा चर आहे. पोरी पायाखाली बघायच्या. नवरा, क्वामेना, जिवंत होता तोवर चिडवायचा, "त्या म्हाताऱ्याने तुम्हाला फुकटात राबवलं आणि तू त्याचे गोडवे गातेस!" ती म्हणायची, राबवलं तर राबवलं, मैदान तर झालं. पण खरं सांगायचं तर ते वाक्य आत कुठे तरी रुतून बसलं होतं. पापा तवियाच्या अंत्यविधीला ती शोकाचं लाल-काळं नेसून उभी राहिली, आणि चार शब्द बोल म्हटल्यावर काय बोलली? "हे मैदान कोरडं राहतं ते आम्हा पोरींमुळे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच्या शवपेटीशेजारी उभं राहून मी माझ्यासाठी टाळ्या घेतल्या...

आणि आता तर पाटी लागणार होती. मुख्य फाटकाशी, संगमरवरी. "या मैदानाच्या निचऱ्याचा पहिला चर ज्यांनी आपल्या हातांनी बांधला" आणि खाली तेरा नावं. उद्घाटन पुढच्या महिन्यात. नावांची यादी एकुआनेच सुवाच्य अक्षरात लिहून दिली होती. चौदावं नाव तिला सुचलंही नव्हतं.

दुपार कलली तेव्हा सेरवा आली. जवळ बसली नाही, दोन पायऱ्या खाली उभी राहिली, आणि हात पाठीमागे.

"सापडला, आंटी. सगळा. जागोजागी खड्डे घेतले, चाळीस मीटर आहे."

"म्हटलं नव्हतं?"

"हो. आणि काम फार छान केलंय. दगड कसे लावलेत! मोठे खाली, बारीक वर, अगदी पुस्तकात असतं तसं." बुटावरचा चिखल दुसऱ्या बुटाने खरवडत राहिली.

"सेरवा, काय झालं ते सांग. मी मास्तरीण होते. पोरीने काय लपवलंय ते मला तिच्या पायावरून कळतं."

"तो कुठे जात नाही, आंटी."

"म्हणजे?"

"म्हणजे... मी तीनदा मोजलं. उतार उलटा आहे. भिंतीकडून मैदानाकडे. आणि पेनल्टीच्या ठिपक्याखाली संपतो. पुढे नळ नाही, मोरी नाही, काहीच नाही. त्यातून पाणी कधीच वाहिलं नसणार."

"पण मैदान कोरडं होतं. मी बघितलंय! आयुष्यभर बघत आले."

"खाली वाळू आहे ना. दोन पुरुष खोल वाळू. पाणी आपोआप मुरतं इथे. इथे चराची गरजच..." तिने वाक्य अर्धंच गिळलं. मग घाईघाईने म्हणाली, "मी नाही लिहिणार हे. माती ओढून टाकते वरून. आम्हाला त्याचा उपयोग नाही, पण अडचणही नाही. पाटी लागू दे. खाली वाकून कोण बघतंय?"

"बघू," एकुआ म्हणाली. "तू जा. पाणी पी थोडं, तोंड बघ किती सुकलंय."

आधी कानात नुसती समुद्राची घरघर राहिली. मग लाज. तापलेल्या सिमेंटवर बसल्यासारखी खालून वर चढत आलेली लाज. तेहतीस वर्षांच्या तुकड्या. त्या सगळ्या पोरी, पायाखाली बघणाऱ्या. आणि क्वामेना, वर कुठे तरी, पोट धरून हसत असेल, बघ, फुकटात राबवलं ते राबवलं, तेही चुकीच्या दिशेने! म्हाताऱ्याला साधा उतार कळत नव्हता...

उतार कळत नव्हता?

ती सरळ बसली. पापा तविया मिठागरातला. बापाची मिठागरं होती खाडीकडे, पोरपणापासून तो समुद्राचं पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात खेळवत आलेला. ओंजळभर पाणी जमिनीवर सांडून, ते कुठे पळतं ते बघून तो सांगायचा, इथे भिंत नको, इथे शेड नको. स्टँड बांधणाऱ्या कंत्राटदारालासुद्धा त्याने पाया हलवायला लावला होता. अशा माणसाकडून उतार उलटा होईल? चाळीस मीटर?

अराबा गोलकीपर, तिची नजर तिखट. खणताना एक दिवस कुदळ टेकवून ती म्हणाली होती, "पापा, भिंतीकडे जायला पाण्याला तर चढावं लागेल." आणि तो म्हणाला होता, "चढू दे की. पाण्याने काय जन्मभर खालीच जायचं?" आम्ही हसलो होतो. विनोद म्हणून हसलो होतो.

आणि सोमवार. दर सोमवारी चराचा शेवटचा तुकडा, हात-दोन हात, बुजलेला असायचा. वाळू ढासळली, म्हणायचा तो, वाळूचं काय सांगावं, खणा परत. आम्ही कुरकुरत परत खणायचो. रविवारी फाटक बंद, आत तो एकटा... फावडं त्याच्याच शेडमध्ये असायचं... नाही, पण वाळू ढासळतेच. वाळूत खणलं की कडा ढासळतातच, आज सकाळीही ढासळत होत्या, तिने डोळ्यांनी बघितलं. काहीच सिद्ध होत नाही. पण पीठ कामावरच्या माणसांना मिळायचं. फक्त कामावरच्या, ज्यांची नावं हजेरीत, त्यांना. खेळणाऱ्या पोरींना कोण डबाभर पीठ देणार होतं? आणि एकीने जास्त जोर लावला की तो शीळ थांबवून ओरडायचा, "अगं हळू! समुद्र पळून चाललाय का?" मग पाऊस झाला, ऑगस्टमध्ये नवा मका बाजारात आला. त्याच आठवड्यात, भर कामात, चर पेनल्टीच्या ठिपक्यापाशी आलेला असताना, तो आला, खाली बघितलं, म्हणाला, "झालं. पुरे एवढा. भरा दगड." आम्हाला वाटलं, आम्ही पुरा केला.

एवढे महिने... रोज डोक्यावर दगड आणायला लावले, शिव्या दिल्या, उशीर झाला तर डब्यातलं पीठ बोटभर कमी करायची धमकी दिली (कधी केलं नाही), आणि एका शब्दाने कळू दिलं नाही. कळू दिलं असतं तर? आई म्हणाली असती, भीक. अराबाचा बाप तर फाटकाशी येऊन भांडला असता. त्याने आमच्या हातात कुदळ दिली. मान ताठ ठेवून पीठ घरी न्यायचो आम्ही, कामकरणी असल्यासारख्या... आणि ती ताठ मान घेऊन मी इतकी वर्षं चालले, शाळेत, संसारात, त्याच्या अंत्यविधीलासुद्धा.

किंवा यातलं काहीच नसेल. म्हाताऱ्याची खरंच एकदा चूक झाली असेल, भूक त्यालाही लागत होतीच. त्याच्या डब्यात काय असायचं ते कधी कुणी विचारलं होतं? मी तरी नाही विचारलं.

डोळे भरून आले होते, आणि त्याचं दुःख होत नव्हतं, हेच नवल. छातीत कुठे तरी इतकी वर्षं ताणून धरलेलं काही सैल पडत होतं. आम्ही दिलं, आम्ही बांधलं, आमच्यामुळे... हे शब्द ती मनात म्हणून बघत होती आणि ते पोकळ वाजत नव्हते, फक्त मागे सरकत होते, दुसऱ्या कशाला जागा करून देत. पापा, तुम्ही ऐकताय का? असं म्हणावंसं वाटलं. पाटीवर तरी काय लिहायचं? ज्याने आम्हाला बिनकामाचं काम दिलं? तिला हसू फुटलं. एकटीच हसली. खालून सेरवाने दचकून वर पाहिलं.

खाली उतरताना गुडघे नेहमीसारखे बोलले. खड्ड्याच्या काठाशी सेरवा फावडेवाल्यांना थांबवून उभी होती.

"माती ओढू का, आंटी?"

"आज नको," एकुआ म्हणाली. "असू दे उघडा. उद्या सांगते." आणि उद्या काय सांगायचं ते तिला खरोखरच माहीत नव्हतं.

पश्चिमेच्या स्टँडच्या सावलीत विटा वाहणाऱ्या बायका जेवायला बसल्या होत्या. एकाच भांड्याभोवती चौघी. केंकी, तळलेले मासे, मिरचीचं वाटण. ती जवळून चालली तशी त्यातल्या थोरलीने, रिवाज म्हणून, हात न थांबवता हाक दिली, "या आंटी, जेवायला!"

याला उत्तर ठरलेलं असतं. होऊ दे तुमचं, म्हणायचं आणि पुढे जायचं. जन्मभर हजारदा म्हटलेलं, ते ओठांवर आलंही होतं.

एकुआ थांबली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग थोरली गालातल्या गालात हसली आणि वीट सरकवून तिने जागा केली, "बसा की मग, आजी. मासा गार होतोय." एकुआ लुगडं सावरून खाली बसली, कुणीतरी ओतलेल्या पाण्याखाली तिने उजवा हात धरला, आणि आपण इथे का बसलो, हे या बायकांना काय सांगायचं याचा विचार करता करता तिच्या लक्षात आलं, की कुणी विचारलेलंच नाही.