नानासोच्या नावाचे सात नंबर

माणसाचं नाव हीच त्याची खरी इस्टेट, असं आटपाडीच्या मेंढीबाजारात पिढ्यान्‌पिढ्या मानलं जातं. बाकीच्या इस्टेटीला निदान सातबारा असतो.

नानासोनं टॉवेलाखाली हात पुढं केला आणि धनाजीनं आपला हात खिशात घातला.

"आज ऱ्हाऊ दे, नाना. बगू म्होरच्या बाजारी."

मिसरूड फुटल्यापासून नानासो मेंढ्यांची दलाली करत होता. घेणाऱ्याचा आणि देणाऱ्याचा भाव टॉवेलाखाली बोटं दाबून ठरवायचा. शेजारी उभ्या माणसाला त्याचा वास लागत नसे. बायकोनं, धोंडुबाईनं, एकदा विचारलं होतं की मेंढी केवढ्याला गेली. त्यावर तो दोन दिवस बोलला नव्हता. असा माणूस. आणि धनाजी त्याचं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक.

धनाजीचंही चुकलं नव्हतं म्हणा. मागच्या बाजारी मिरजेहून पोलिसांची जीप आली होती आणि नानासोला भर मेंढ्यांतून उचलून घेऊन गेली होती. हे बाजारानं पाहिलं. जे पाहिलं नाही, ते बाजारानं सांगितलं.

मिरजेच्या ठाण्यात त्याला ओळखायला ब्राह्मी नावाची नर्स बोलावली होती. बँकेतून बोलतोय म्हणून तिला फोन आला होता. रात्रपाळी करून आलेली, डोळ्यांवर झोप. मोबाइलवर आलेले आकडे तिनं सांगून टाकले आणि लेकीच्या कॉलेजची फी गेली. फोन ज्या नंबरवरून आला तो निघाला नानासोच्या नावावर. ती चप्पल काढायच्याच तयारीनं आली होती. पण नानासो साहेबांवर ओरडत होता, ते तिनं दारातूनच ऐकलं आणि चप्पल पायातच ठेवली.

"हे नव्हेत, साहेब," ती म्हणाली. "तो फार गोड बोलत होता."

आयुष्यात पहिल्यांदाच नानासोची तिखट जीभ नानासोच्या कामी आली.

मग क्रांती नावाच्या हवालदारीणबाईंनी मोबाइलवर तपासून सांगितलं, की बाबा, तुमच्या नावावर सात नंबर आहेत. नानासोकडं फोन एकच होता, त्याचीही काच फुटलेली. अंगठा कुठं दिला होता, हे त्याला आठवायला वेळ लागला नाही.

उन्हाळ्यात बाजाराच्या तोंडाशी एक सिमकार्डवाला पोरगा टेबल टाकून बसला होता. कार्डावर छत्री फुकट. पोरगं म्हणालं, अंगठा उठत नाही काका, परत टेका. नानासो ओशाळला. दावी ओढून अंगठा झिजला असणार. परत टेकला. पुन्हा परत. पोरगं म्हणालं, उन्हाची तिरीप येतीय मशीनवर. तेव्हा नानासोनं खांद्यावरचा टॉवेल काढून त्या मशीनवर सावली धरली होती. पोराला ताप दिला म्हणून वर चहाही पाजला होता.

"पहिल्याच वेळी उठला होता," क्रांतीबाई म्हणाल्या. "नंतर प्रत्येक वेळी तो तुमच्या नावानं नवीन नंबर काढत होता. आधारच्या अंगठ्याला कुलूप घालता येतं, बाबा. घालून ठेवत जावा."

"आत्ता सांगताय व्हय? घर धुऊन नेल्यावर?"

नानासोनं साहेबांना एकच गोष्ट मागितली: तीच जीप घेऊन बाजारात या आणि हा माणूस चोर नाही एवढं चारचौघांत सांगा. साहेब म्हणाले, तशी पद्धत नाही. आणायला जीप असते. जायला एसटी असते.

धनाजीचा हात खिशातून निघेना, तेव्हा नानासो तडक बाजार समितीच्या खोलीकडं गेला. तिथला कारकून विश्वजीत पुकारा करत होता. नानासोनं त्याच्या हातातून माइक ओढून घेतला.

"मी नानासो बोलतोय. मी चोर न्हाई. ज्यानं माज्या नावानं चोरी केली, त्याला मी च्या पाजलाय. त्या मिरजेच्या बाईला मी काय त्वांड दाखवू? आणि तुमी हसू नगा. फुकटच्या छत्र्या घेतल्यात न्हवं? मग आंगठं कुणी टेकलं, तुमच्या मेंढरांनी? जावा, आपापल्या नावावर किती नंबर हाईत बगा. माजी जीप आली. तुमची वाटंवर आसंल."

मग भर दुपारच्या उन्हात एकेक छत्री मिटायला लागली. धनाजीनंही आपली मिटून काखेत मारली. तो नानासोकडं बघत होता. एक पाऊल पुढंही आला.

तेवढ्यात विश्वजीतनं माइक परत घेतला. एक काळी शेळी, डाव्या कानाला चीर, दावं तोडून गेली आहे, दिसल्यास समितीच्या खोलीपाशी आणावी.

धनाजी वळला. सगळा बाजारच वळला. माणसं टेम्पोखाली वाकून बघू लागली, कुणी चिंचेच्या बुडाशी धावलं.

शेळी तेवढी लगेच सापडली.