न खाल्लेल्या घुगऱ्या

मित्रांनो, या, बसा. पण फार जवळ नको. मी एक म्हातारं कासव आहे आणि माझा कुणावरही चटकन विश्वास बसत नाही. हल्ली मी पवनारच्या एका विहिरीत राहतो. त्याआधीचं माझं सारं आयुष्य धाम नदीच्या डोहात गेलं.

संशय मला जन्मापासूनचाच. आईने वाळूत अंडी घातली आणि ती निघून गेली. आम्ही बाहेर आलो तेव्हा काठावर घोरपड वाट पाहत बसली होती. माझी भावंडं सरळ पाण्याकडे धावली. मी मात्र थांबलो, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि दगडाआडून गेलो. म्हणून तर तुमच्याशी बोलायला उरलो!

डोहाच्या काठी धुरपताबाईचं घर होतं. ती ढिवराची, मासे धरणाऱ्यांच्या घरातली. नवरा गेल्यावर तीच जाळं टाकायची. तिचा मुलगा पुलगावला कामाला होता आणि सून रामबाई तिच्याजवळ राहायची. धुरपताबाई तोंडाने तिखट, पण मनाने मऊ. माझ्यावर तिचा फार जीव होता. शेजारच्या गोमाजी पाटलाची पेरणी आटोपली की उरलेलं बी घरी परत न्यायचं नाही, असा तिथला रिवाज. त्या ज्वारीच्या घुगऱ्या शिजवायच्या, मजुरांनी, शेजाऱ्यांनी वाटून खायच्या आणि पहिली मूठ डोहाच्या कासवाला, म्हणजे मला! मी खाल्ल्याशिवाय कुणी तोंडात दाणा घालत नसे. खोटं कशाला बोलू, या मानाने मी जरा फुगलोही होतो.

ही गोष्ट आहे देश स्वतंत्र झाल्यावर सात-आठ वर्षांनंतरची. त्या वर्षी गोमाजी पाटलाने पेरायला आणलेली ज्वारी लालभडक होती. पेरणी झाल्यावर उरलेली दोन पायली ज्वारी टोपल्यात घेऊन तो डोहावर आला आणि खळखळून धुवायला लागला. पाणी कुंकवासारखं झालं.

"काय हो भाऊ, ज्वारीले रंग काऊन लावला?" धुरपताबाईने विचारलं.

"रंग नोहे, दवा हाये. कणसावर काणीचा रोग पडू नाई म्हून. शेतकीचा साहेब म्हने, यात पारा हाये, हे बी खाऊ नका."

"मंग?"

"मंग काय! धुवून राह्यलो ना? रंग गेला म्हंजे दवा गेली."

तीन पाण्यांत ज्वारी पांढरीशुभ्र झाली. गोमाजी खूश झाला. मला मात्र वाटलं, इथे पाणी कुठेतरी मुरतंय. रंग गेला, हे दिसलं. दवा गेली, हे कुणी पाहिलं?

त्याच दुपारी पेरलेल्या वावरातून एक होला, कबुतरासारखा पक्षी, पाण्यावर आला. त्याने चोच बुडवली, मान वाकडी केली आणि गरगर फिरून पडला. थोड्या वेळाने दुसरा आला, त्याचंही तेच. दोघांच्या चोचींना लाल रंग लागला होता.

दुसऱ्या दिवशी घुगऱ्या शिजल्या. काय वास सुटला होता म्हणून सांगू! मजूर पानं घेऊन बसले. रामबाईला सातवा महिना होता, म्हणून तिच्या पानावर जास्तीच्या घुगऱ्या वाढल्या. धुरपताबाईने पहिली मूठ माझ्या दगडावर ठेवली. मी पुढे गेलो, हुंगलं आणि मान आत घेतली. तिने मूठ पुढे सरकवली. मी मागे सरकलो.

"खाय ना रे बुढ्या! असा काऊन करतं?"

मी सरळ पाठ फिरवली. धुरपताबाईचा चेहरा पडला. तिने वळून पाहिलं तर रामबाईने घास उचलला होता. तिने झडप घालून तो खाली पाडला.

"ठेव खाली! कासवानं तोंड नाई लावलं."

"जनावराच्या नादी लागून अन्न टाकता का?" गोमाजी चिडला.

"तुमचं तुमी पाहा, भाऊ. माह्या सुनेच्या पोटात जीव हाये. मी खाऊ देनार नाई."

मग एकेक करून सगळ्यांनी पानं खाली ठेवली. रामबाई वाचली! मला इतका आनंद झाला की मी चक्क मान बाहेर काढून बसलो.

पण पुढे जे झालं ते माझ्या संशयी डोक्यातही आलं नव्हतं. अन्न म्हणजे लक्ष्मी. ते उकिरड्यावर कसं टाकायचं, पायदळी कसं येऊ द्यायचं? ते पाण्यात सोडायचं, हीच तिथली रीत. धुरपताबाईने भरलेला गंज, म्हणजे मोठं पातेलं, डोक्यावर घेतला, हात जोडले आणि सगळ्या घुगऱ्या माझ्या डोहात सोडल्या. गोमाजीनेही रागारागाने वावरातल्या पोत्यात राहिलेलं उरलंसुरलं लाल बी आणून तिथेच ओतलं. माशांची झुंबड उडाली. मी ओरडणार कसा?

नेमकी पावसाने ओढ दिली. नदीची धार आटली आणि डोहाचं पाणी तिथल्या तिथे राहिलं. आठ-दहा दिवसांत मासे सुस्त झाले. हात घातला तरी पळेनात. मलाही भूक होतीच. इतका शहाणा मी, पण आयता मासा समोर आला तेव्हा संशय गिळला आणि मासाही गिळला. त्या आठवड्यापासून माझा मागचा डावा पाय जड आहे, तो आजतागायत. तेव्हा कुठे मला उमगलं की पारा दाण्यातून माशात गेला होता.

आणि धुरपताबाई? ती तर हरखून गेली. "नदी पावली वो माय! सातव्या महिन्यात सुनेले रोज मासोळी भेटून राह्यली."

आता मात्र माझा धीर सुटला. बोलता येत नाही, पण दात-ओठ नसले तरी माझा जबडा मजबूत आहे. तिने जाळं टाकलं की मी ते फाडायचो. एकदा, दोनदा, पाचदा. ती रोज बसून जाळं शिवायची आणि मी रोज फाडायचो. काल ज्याला मान दिला त्यालाच ती आज शिव्या घालू लागली. "मेल्या, माह्या घासावर काऊन उठला रे?" त्या शिव्या मला फार लागल्या. शेवटी तिने मला पकडलं. मारवेना, म्हणून टोपल्यात घालून या विहिरीत आणून सोडलं.

विहिरीचं पाणी थंड, निवांत, पण माझ्या जिवाला घोर. आता जाळं कोण फाडणार? रामबाईने मासे खाल्ले असतील का? वर कुणीही डोकावलं की मी तिलाच शोधायचो.

संक्रांतीनंतर ती आली. कडेवर बाळ होतं. काठावर वाकून ती हळूच म्हणाली, "बुवा, मी नाई खाल्ली मासोळी. तू कधी जाळं फाडत नव्हता. मंग आताच काऊन फाडलं, असं मनात आलं. ओकारी येते म्हून सांगत होती आन् माहा वाटा मांजरीले टाकत होती. ते मांजर गरगर फिरून चुलीत पडलं रे! सासूबाईले सांगतलं, तं म्हनते, मांजराले भूत लागलं."

तिने टाळी वाजवली. बाळाने आवाजाकडे मान वळवली आणि खुदकन हसलं. मित्रांनो, कासवं रडतात की नाही मला ठाऊक नाही. त्या दिवशी मी बराच वेळ पाण्याखाली राहिलो.

मग एक दिवस धुरपताबाई रामबाईला घेऊन पाण्याला आली. बादली सोडताना ती काठावर आपटत आपटत खाली आली. वर पाहिलं तर तिचे दोन्ही हात थरथरत होते. भरलेली बादली अर्ध्यावर आली आणि दोर सुटला.

"रामे, पाह्य ना व, हा दोर माह्या हातात काऊन राह्यत नाई? म्हातारपन आलं वाट्टे."

ते म्हातारपण नव्हतं. ज्या बाईने सुनेच्या हातातला घास पाडला, तिने स्वतः महिनाभर रोज ती मासोळी खाल्ली होती. मी मान बाहेर काढली, तिच्याकडे पाहिलं, आणि तिने मला ओळखून नमस्कार केला. थरथरत्या हातांनीच.

तिला मी सांगू शकलो नाही, म्हणून तुम्हाला सांगतो. पाण्यात काहीही सोडाल, तेव्हा हात जोडण्याआधी एवढं विचारा की ते फिरून कुणाच्या ताटात येणार आहे.