दोन शेपट्यांचा मासा

ताईच्या कानातल्यांच्या प्रदर्शनात माझ्याकडे एकच काम होतं: गर्दी व्हायचं. मी एकटाच असल्यामुळे अधूनमधून टोपी घालून गर्दी वाढवत होतो.

भाड्याचा हॉल, मधे टेबल, टेबलावर काळं कापड, कापडावर ताईचे मासे. सलाइनच्या नळीच्या पट्ट्या कापून विणलेले, बोटाच्या पेराएवढे, कानात लोंबणारे. प्रत्येक माशाला दोन्ही टोकांना शेपटी. डोकं नाही. शेजारी कार्ड: 'अनादि-अनंत. सुरुवात नाही, शेवट नाही. माझ्या आतल्या प्रवासातून.'

तो आतला प्रवास मला माहीत होता, कारण मीही त्याच गाडीत होतो. आमची आई नर्स. आम्ही दवाखान्याच्या मागच्या खोलीत राहायचो. मुदत संपलेल्या कोऱ्या नळ्या ती घरी आणायची आणि आम्हाला मासे विणायला शिकवायची. आधी शेपटी, मग पोट. डोक्यापाशी आलं की भिंतीपलीकडची घंटा वाजायची. पेशंट जणू कान लावूनच बसलेले असायचे. "धरा घट्ट!" म्हणत आई, वीण सुटू नये म्हणून तिथेच झटपट दुसरी शेपटी बांधायची आणि पळायची. ती परत येईपर्यंत आम्ही झोपलेले. डोकं आम्हाला कधी शिकवलंच गेलं नाही, त्यामुळे माशाला ते असतं हा आमच्यासाठी पुढे मोठा धक्का होता. शाळेत मी असाच मासा काढला. बाईंनी विचारलं, "याचं तोंड कुठंय?" मी म्हटलं, "तो कुणाशी बोलत नाही." मी चित्रकलेत नापास झालो. त्याच माशावर ताई आता कलावंत झाली होती.

निदान व्हायच्या बेतात होती. या माशांपायी तिने चांगली नोकरी सोडली होती. आज एका मोठ्या दुकानसाखळीच्या खरेदीवाल्या मॅडम येणार होत्या. ऑर्डर मिळाली तर ताई कलावंत. नाही मिळाली तर तिच्या सासूबाई म्हणतात ती. सासूबाई काय म्हणतात ते चारचौघांत लिहिण्यासारखं नाही.

मॅडम आल्या. मासा तळहातावर घेऊन त्यांनी डोळे मिटले.

"यात एक नकार आहे."

"हो ना," ताई म्हणाली.

"चेहराच नाकारलाय."

"अगदी ठरवून," ताई म्हणाली.

तेवढ्यात आई आली. पिशवी खुर्चीवर ठेवून तिने एक मासा उचलला, चष्मा नाकावर खाली ओढला आणि म्हणाली, "अगं, याला डोकं कुठंय?"

"आई, ती कल्पना आहे."

"कल्पना कसली डोंबलाची! घंटा वाजायची माझी." आई हळहळली. "इतकी वर्षं जिवाला लागून राहिलंय गं. पोरांना अर्धवट शिकवलं." आणि पिशवीतून कात्री काढून ती टेबलाशी बसलीच. "मॅडम, आत्ता डोकं लावून देते हं. सगळ्यांना."

शेपटी उसवून तिने डोकं केलं. गोल डोळे, उघडं तोंड. चुकीच्या बसमध्ये चढल्याचं आत्ताच कळलंय, असा चेहरा.

मॅडमचाही तसाच झाला. "हा तर... मासा आहे."

"मासाच आहे!" आई खुलली.

"मासे आम्हाला नकोत. मासे सगळीकडे मिळतात," असं म्हणून मॅडमनी पर्स खांद्याला लावली.

आईने दुसरा मासा उसवायला घेतला होता. ताई माझ्या दंडाला चिमटा काढत पुटपुटली, "ए माठ, थांबव ना तिला! गेलं सगळं!"

आईला थांबवणं सोपं नव्हतं. आमच्या रडण्याने ती कधी थांबली नव्हती, बाबांच्या ओरडण्याने तर नाहीच. ती थांबायची फक्त पेशंटसाठी. मी टोपी काढली, त्यातल्या त्यात स्वच्छ फरशी निवडली आणि पडलो. जाताना एक खुर्ची सोबत नेली.

आईने मान वर करायच्या आत तिच्या हातांना कळलं. "धरा घट्ट!" ती मॅडमवर ओरडली, डोक्याच्या जागी झटक्यात शेपटी बांधली आणि धावली. मॅडम तो मासा दोन्ही हातांत धरून उभ्या. डोळ्यांत पाणी.

"हे... हे आत्ता माझ्या हातात घडलं," त्या म्हणाल्या.

इकडे आईने माझी नाडी धरली. "घोड्यासारखी पळतेय. ऊठ, नाटक्या."

"आई, ऑर्डर," मी ओठ न हलवता म्हटलं.

आईने वळून पाहिलं. ताई टेबलाशी उभी होती, लहानपणी घंटा वाजल्यावर उभी राहायची तशीच, हातात एक मासा घट्ट धरून. आईने माझी नाडी सोडली. मग माझं डोकं परत फरशीवर दाबून मोठ्याने म्हणाली, "कुणी हलवू नका! पेशंट गंभीर आहे."

ऑर्डर मिळाली. अट एकच: प्रत्येक दुकानात ही 'निर्मितीची प्रक्रिया' लोकांसमोर करून दाखवायची. ताईच्या सासूबाई आता पहिल्या रांगेत बसून आपल्या सुनेचा आतला प्रवास शेजारणीला समजावून सांगतात. मलाही कायमची नोकरी लागली. मी पडतो.

आई मात्र दर वेळी मनापासून प्रयत्न करते. परवा तर एक डोळा होत आला होता. परतताना गाडीत तिने कात्री पिशवीत ठेवली. मग म्हणाली, "जरा उशिरा पडत जा ना रे."