इलाइतियाच्या हातातला दात

मी देवमाशाचा दात बोलतोय. हसू नका. तुमच्याकडे पडलेला दात छपरावर फेकतात म्हणे. आमच्या फिजीत मला काथ्याची दोरी ओवून दोन्ही हातांत धरतात. मुलगी मागायची असो, मयताला जायचं असो, की माफी मागायची असो, माझ्यावाचून कुणाचं चालत नाही.

समुद्रातलं मला फारसं आठवत नाही. कित्येक घरं फिरून मी इलाइतियाच्या पेटीत येऊन पडलो. म्हातारा प्रेमळ, पण जिभेला हाड नाही.

एके वर्षी त्याच्या घरी परदेशातून रूथ आली, गावाच्या चालीरीतींचा अभ्यास करायला. त्यानं तिला मुलगी मानलं. बायकांनी तिला अळूच्या शेतात तण काढायला लावलं, मासे साफ करायला बसवलं. कित्येक महिने पोरीनं एक प्रश्न विचारला नाही. कावा म्हणजे मुळ्या कुटून केलेलं आमचं पेय. ते प्यायच्या बैठकीत ती सगळ्यांच्या खाली, दाराशी बसायची.

"काय गं, मुकी पाठवलीय का तुला?" इलाइतिया चिडवायचा.

"ऐकतेय, बाबा."

"ऐकून ऐकून कान लांब होतील हो!"

मग हळूहळू लोक आपणहून तिच्याशी बोलू लागले. एका दुपारी इलाइतियानं तिला सांगितलं, की गावचे प्रमुख रातू ओसेआ यांचे पूर्वज इथं पाहुणे म्हणून आले. त्यांना जमीन दिली ती इलाइतियाच्या घराण्यानं. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. पण चारचौघांत कुणी ते बोलत नाही, प्रमुखाला उपरा म्हटल्यासारखं होतं.

रूथ बोलली. निरोपाच्या जेवणात, उभी राहून. पोरीच्या मनात पाप नव्हतं हो! "मी काय शिकले ते तुमच्यासमोरच सांगते, चुकलं तर सुधारा," म्हणाली आणि सगळं सांगून मोकळी झाली. रातूंनी हातातली करवंटी पालथी घातली आणि ते उठून गेले.

गावानं तिच्यावर विश्वास टाकला होता तो इलाइतियाकडे बघून. त्यामुळे वाळीत पडला तोच. त्याच्या घरी कुणी फिरकेना. तो आजारी पडला तरी कुणी डोकावलं नाही. रूथनं परतीची बोट जाऊ दिली, पण तिच्या थांबण्यानं काय होणार? "मी गेलो तर खांदा द्यायला कोण येईल गं?" तो बायकोला विचारायचा, आणि पेटीत माझा जीव कासावीस व्हायचा.

आज पुढची बोट आलीय. सकाळीच त्यानं मला बाहेर काढलं, तेल चोळलं. आता आम्ही रातूंच्या दारात आहोत. तो गुडघ्यांवर, मागं रूथ.

"बाबा, मी नीट समजावून सांगू का त्यांना?"

"गप्प बस, पोरी. अजून बोलायची हौस फिटली नाही? इथं फक्त मान खाली घालायची."

रातूंनी मला घेतलं तर सारं मिटलं. हात लावला नाही, तर म्हातारा मेल्यावरही मिटायचं नाही. अशी आमची रीत.

"तिची बोट लागलीय, ती जाईल," रातू माझ्याकडे न बघता म्हणाले. "तू कुठं जाशील, इलाइतिया?"

म्हाताऱ्यानं मला आणखी पुढं धरलं. धक्क्यावर भोंगा वाजला. रूथ उठली नाही. ती पुढं सरकली आणि मला धरलेल्या त्याच्या हातांखाली तिनं आपले हात धरले. भोंगा पुन्हा वाजला, मग बोट निघून गेली. रातू अजून तसेच बसलेत.

मला रडता येत नाही, ओरडता येत नाही. पण मी जिवाच्या आकांतानं सांगतोय: रातू, शिव्या द्या, तोंडावर थुंका, पण मला घ्या. म्हाताऱ्याचे हात खाली यायच्या आत घ्या!